लेझरखालचं नाणं रव्यात घोळवल्यासारखं का दिसतंय? स्पेकल कमी करायला मदत हवी

सातपूरचा_खटाटोप | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने प्रोजेक्ट घेतलाय डिजिटल होलोग्राफीचा, म्हणजे लेझर मारून रुपयाच्या नाण्याचा होलोग्राम कॅमेऱ्यावर घ्यायचा आणि चित्र कॉम्प्युटरमध्ये परत उभं करायचं. प्रोजेक्ट त्याचा, जागरण माझं, कारण कॅमेरा आमच्या वर्कशॉपमधला (पार्ट तपासायचा, ३.४५ मायक्रॉन पिक्सेलवाला) आणि रात्री शटर खाली ओढलं की आमच्याकडे अंधार मुबलक.

होलोग्रामच्या भानगडीत पडण्याआधी नुसत्या लेझरच्या उजेडात साधा फोटो काढून बघू म्हटलं. ६५० नॅनोमीटरचा लाल डायोड, लेन्स एफ १६ वर (म्हणजे आतलं छिद्र बारीक). स्क्रीनवर आलं ते नाणं कसलं, रव्यात घोळवलेला बोंबील! सगळीकडे काळे पांढरे दाणे, '१' चा आकडा कुठे असतो ते माहीत होतं म्हणून सापडला.

आधी वाटलं सेन्सरचा नॉइज असेल. तो सरासरी काढली की जातो एवढं आपल्याला कळतं, म्हणून लागोपाठ १०० फ्रेम घेतल्या आणि सरासरी काढली. फरक शून्य. दाणा न् दाणा जागच्या जागी, उलट जास्तच ठसठशीत. भाच्याचे गाइड म्हणाले मीडियन फिल्टर (प्रत्येक ठिपक्याच्या जागी शेजाऱ्यांमधला मधला आकडा) मार आणि रिपोर्ट लिहायला घे. मारला. दाणे गेले, जाताना आकडाही घेऊन गेले.

तर १०० फ्रेमची सरासरी काढूनही जात नाही असा हा कसला नॉइज, आणि घालवायचा कसा? महागडं सामान सुचवू नका, बजेट भाच्याचं आहे.

---

मिसळ_तर्री | सोमवार, रात्री १०:५८

मी पयला. नाणं धुऊन बघितलं का?

---

जुना_मास्तर | सोमवार, रात्री ११:३०

धुऊन जाणार नाही तो, कारण तो नाण्यावर नाहीच. मी ३० वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्त झालो तरी खोड जात नाही, तेव्हा जरा सविस्तर.

आपल्याकडचा ढोल घ्या. समजा रस्त्यावर १०० ढोल आहेत, सगळ्यांची लय अगदी एक, पण प्रत्येकाने सुरुवात आपापल्या मर्जीने केलीय. तुम्ही एका जागी उभे राहिलात तर तिथे बरेच ठोके एकावर एक पडतात आणि कानठळ्या बसतात, चार पावलं सरकलात तर तिथे एकाचा ठोका दुसऱ्याच्या खाचेत पडतो आणि आवाज दबतो. ही जोराची आणि दबकी ठिकाणं हलत नाहीत, कारण लय सगळ्यांची एकच आहे. आता प्रत्येकाची लय वेगवेगळी करा, ठिकाणं दर क्षणाला बदलतील आणि कानाला सगळीकडे सारखाच गोंगाट ऐकू येईल. उदाहरण फार ताणू नका, पण लेझर म्हणजे पहिलं पथक आणि घरातला बल्ब म्हणजे दुसरं.

नाण्याचा पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत वाटतो, पण ६५० नॅनोमीटरच्या तरंगलांबीपुढे तो सह्याद्री आहे. कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यात नाण्यावरच्या असंख्य उंचसखल जागांवरून आलेले तरंग एकत्र येतात, प्रत्येकाची कला (फेज, म्हणजे ठोक्याची वेळ) वेगळी, त्यांचं व्यतिकरण होतं, म्हणजे ते एकमेकांत मिसळून वाढतात नाहीतर मारले जातात, आणि बेरीज कधी मोठी येते, कधी जवळपास शून्य. हाच स्पेकल. १९६० साली मेमनने पहिला लेझर चालवला आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच हे दाणे लोकांनी नोंदवून ठेवलेत, तुम्ही पहिले वैतागलेले नाही.

यात एक गंमत आहे जी लवकर पटत नाही. पूर्ण विकसित स्पेकलमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी तीव्रता शून्याजवळची असते. साधारण ६३ टक्के ठिपके सरासरीपेक्षा काळपट, आणि थोडेसे भयंकर उजळ. म्हणून चित्र काळ्या फडक्यावर साखर सांडल्यासारखं दिसतं.

आता तुमच्या १०० फ्रेम. लेझर हलला नाही, नाणं हललं नाही, कॅमेरा हलला नाही, मग दाणे का हलतील? तुम्ही एकच फोटो १०० वेळा काढलात. सेन्सरचा नॉइज त्यात नक्की कमी झाला, म्हणूनच स्पेकल जास्त ठसठशीत दिसला! सरासरीचा उपयोग व्हायला दर वेळी वेगळा स्पेकल पाहिजे. असे एकमेकांशी संबंध नसलेले एन नमुने मिळाले तर कॉन्ट्रास्ट एकच्या जागी एक भागिले वर्गमूळ एन होतो. २५ नमुने म्हणजे ०.२, १०० म्हणजे ०.१. कॉन्ट्रास्ट म्हणजे सपाट भागातलं स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले तिथली सरासरी, उद्या मोजून टाका इथे.

---

मिसळ_तर्री | सोमवार, रात्री ११:३६

मास्तर, मग बल्बच लावा ना. एलईडी टॉर्च पन्नास रुपयाला मिळतो.

---

जुना_मास्तर | सोमवार, रात्री ११:४९

नुसता फोटो हवा असता तर तेच सांगितलं असतं. पण होलोग्राममध्ये वस्तूवरून आलेला तरंग आणि संदर्भाचा तरंग (त्याच लेझरचा वस्तूला न शिवता थेट कॅमेऱ्यावर नेलेला झोत) यांचं व्यतिकरण, म्हणजे उजळ काळे पट्टे, नोंदवायचं असतं, एलईडी लावला तर दोन्ही वाटांची लांबी काही मायक्रॉनच्या आत जुळवावी लागेल, नाहीतर पट्टेच उमटणार नाहीत. ज्या गुणामुळे होलोग्राम बनतो त्याच गुणामुळे दाणे येतात. नवरी हवी तर सासू पण येणार.

---

निवांत_नेत्र | मंगळवार, सकाळी ७:१५

आधी एक दटावणी. लेझर चालू असताना नाण्याच्या पातळीला डोळा नेऊ नका, नाणं चकचकीत असतं, एक तिरपा झोत पुरतो. भाच्याला पण सांगा, ही पोरं वाकून बघतात.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात ओसीटी काढते. पडद्याचे थर दिसतात ना त्या तपासणीत, तिथे हाच स्पेकल रोज डोळ्यासमोर असतो. आमचं मशीन एकाच रेषेवरून परत परत स्कॅन घेतं, डोळा हलला तर त्याचा पाठलाग करतं, आणि मग सगळ्यांची सरासरी. एक स्कॅन बघितला तर थर कुठे संपतो ते सांगता येत नाही, पुष्कळ स्कॅनची सरासरी झाली की एकेक थर सुटा होतो. आणि मास्तर म्हणतात ते आत्ता माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मशीन तपासायला आमच्याकडे प्लास्टिकचा नकली डोळा आहे, त्याच्यावर कितीही सरासरी लावा, दाणे जसेच्या तसे. जिवंत डोळा थोडा तरी थरथरतो, रक्त फिरतं, म्हणून स्पेकल दर वेळी जरा वेगळा येतो. मला इतके दिवस वाटायचं नकली डोळाच खराब आहे, दोनदा तक्रार पण लिहिली होती मी.

अवांतर: चष्मा काढून लेझरचा भिंतीवर पसरवलेला डाग बघा (डाग, लेझरकडे नाही) आणि डोकं हळू डावीउजवीकडे हलवा. लांबचं अंधुक दिसणाऱ्यांना दाणे डोक्याच्या उलट दिशेने सरकताना दिसतात, प्लस नंबरवाल्यांना डोक्याबरोबर.

---

मिसळ_तर्री | मंगळवार, सकाळी ७:४०

उलट सरकले. नंबर वाढलाय बहुतेक. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

गोदाकाठी | मंगळवार, सकाळी ११:०५

अरे वा, माझ्या रोजच्या दुखण्यावर धागा! मी रडारच्या उपग्रह चित्रांवर काम करते, आमचा स्पेकल तुमच्यापेक्षा अवाढव्य, कारण तरंगलांबी ५.६ सेंटिमीटर (सेंटिनेल १, सी बँड) आणि पिक्सेल १० मीटरचा. एका पिक्सेलमध्ये ढेकळं, पानं, द्राक्षाच्या मांडवाच्या तारा, सगळ्यांचा प्रतिध्वनी कोहेरंट पद्धतीने, म्हणजे कलेसकट, बेरीज होऊन येतो. भौतिकी तीच हो सर, फक्त नाण्याच्या जागी निफाड तालुका.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय ना, नाशिकचा दुतोंड्या मारुती बुडाला होता, खाली चांदोरी सायखेड्यात पाणी शिरलं होतं. अशा दिवसात वर ढग असतात त्यामुळे साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह आंधळे, रडारच कामाला येतं. संथ पाणी रडारचा झोत आरशासारखा पलीकडे उडवतं म्हणून काळं दिसतं, जमीन करडी. ऐकायला सोपं, पण स्पेकलमुळे कोरड्या शेतातपण काळे ठिपके आणि पाण्यातपण करडे. उंबरठा (याच्याखाली काळं ते पाणी, अशी रेघ) कुठेही ठेवा, नकाशाला देवी आल्यासारखी दिसते.

तर आमचे उपाय आणि प्रत्येकाची किंमत. पहिला मल्टीलुक, म्हणजे मिळालेल्या सिग्नलचे तुकडे करून प्रत्येकाचं वेगळं कमी तपशिलाचं चित्र करायचं आणि त्यांची सरासरी. सेंटिनेलचं तयार चित्र येतं त्यात ५ लुक आधीच घातलेले असतात, म्हणजे कॉन्ट्रास्ट एकच्या जागी साधारण ०.४५. किंमत: बारकावे गेले. दुसरा वेळेची सरासरी. उपग्रह दर १२ दिवसांनी त्याच वाटेने येतो, वर्षाची ३० चित्रं झाली, धरणाची भिंत, रस्ते, गावठाण इतकं सुंदर दिसतं की फ्रेम करून लावावं. पण द्राक्षबागेची एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, वर्षभराची सरासरी काढली तर बाग कोणत्या अवस्थेतली ते ब्रह्मदेवाला विचारा. आणि पूर तर काय, तुमची ३० चित्रं होईपर्यंत थांबतो थोडाच.

मग उरतो फिल्टर. तुमचा मीडियन आंधळा आहे, तो आकडा आणि दाणा यात भेद करत नाही. ली फिल्टर घ्या, जाँग सेन ली यांनी १९८० मध्ये मांडला, अजून रोज वापरतो. तो प्रत्येक ठिपक्याभोवती खिडकी ठेवून बघतो की इथला चढउतार नुसत्या स्पेकलने व्हावा तेवढाच आहे का. तेवढाच असेल तर सपाट जागा आहे, खुशाल सरासरी घे. जास्त असेल तर इथे कड आहे, मूळ आकड्याला फार हात लावू नको. तरी खिडकी मोठी केली की फसतोच. एकदा मी ७×७ ठेवली, ७० मीटर झाले ना ते, आणि नासर्डी नकाशावरून गायब! वरिष्ठांनी विचारलं नदी कुठे गेली, मी म्हटलं फिल्टरमध्ये.

आणि सगळ्यांनी करावी अशी एक चूक माझ्या नावावर आहे. स्पेकल गुणाकाराने येतो, उजळ जागी जास्त, काळ्या जागी कमी. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते म्हणून मी थेट डेसिबलमध्ये (तीव्रतेच्या लॉगचं एकक) सरासरी काढत बसले. चित्र मस्त गुळगुळीत, फक्त सगळं मूळच्यापेक्षा अंधारं. एका लुकच्या डेटावर हा फरक जवळजवळ २.५ डेसिबलचा पडतो, म्हणजे खऱ्याच्या ५६ टक्केच! उंबरठा जुनाच ठेवल्यामुळे माझ्या नकाशात पूर दुप्पट गावांत शिरला. तेव्हापासून सरासरी आधी, लॉग नंतर.

---

सातपूरचा_खटाटोप | बुधवार, रात्री ११:५५

मास्तर, दोन्ही ताई, दंडवत. आजचा हिशोब देतो.

नाण्याच्या सपाट भागात कॉन्ट्रास्ट मोजला, ०.९३ आला. मग वेगवेगळे स्पेकल आणायचे तर लेझरच्या वाटेत काहीतरी हलतं ठेवायला हवं हे कळलं, म्हणून खिडकीच्या काचेची चकती कापली, गॅरेजवाल्याकडून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट आणली आणि दुसऱ्या काचेवर ठेवून तासभर घासली, मस्त दुधी झाली. ती जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याच्या मधल्या बोंडावर चिकटवली. पंखा मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, एक्स्पोजर एक तीसांश सेकंद, म्हणजे एका फोटोत चकतीचा एक अख्खा फेरा. पंखा चालू केला, फोटो काढला, आणि... ०.६८. एवढंच? दाणे आहेतच, नुसते जरा फिके. चकतीचा हजारो वेळा नमुना बदलतोय, हिशोबाने ०.०२ यायला पाहिजे होता. कुठे माती खाल्ली?

---

जुना_मास्तर | गुरुवार, सकाळी ६:१०

लेझरचा डाग चकतीवर केवढा पडतो?

---

सातपूरचा_खटाटोप | गुरुवार, सकाळी ८:२०

दोन मिलिमीटर असेल. चकतीपासून नाणं ३० सेंटिमीटर.

---

जुना_मास्तर | गुरुवार, सकाळी ९:०२

तिथेच. चकतीमुळे नाण्यावर पडणाऱ्या उजेडातच दाणे तयार होतात, त्यांचा आकार साधारण तरंगलांबी गुणिले अंतर भागिले डागाचा व्यास. तुमच्या आकड्यांनी जवळपास १०० मायक्रॉन. तुमची लेन्स एफ १६ ला, समजा नाणं सेन्सरवर पाचपट लहान दिसतंय, तर नाण्यावरचं जे बारीकात बारीक ती वेगळं करू शकते ते ७५ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे तुमच्या उजेडाचा एकेक दाणा लेन्सच्या एका ठिपक्यापेक्षा मोठा. चकती फिरली की त्या ठिपक्यातला उजेड एकजात कमीजास्त होतो, आतली मांडणी बदलत नाही, आणि मांडणी बदलली नाही तर नाण्याचा स्वतःचा स्पेकल तसाच राहतो. पंखा हजार फेरे मारू दे.

डाग मोठा करा. साधं भिंग घालून १५ मिलिमीटर करा, दाणे १३ मायक्रॉनचे होतील, लेन्सच्या एका ठिपक्यात असे तीसेक मावतील आणि प्रत्येक स्वतंत्र बदलेल. तीसचं वर्गमूळ साडेपाच, एक भागिले साडेपाच करून बघा काय येतं.

---

सातपूरचा_खटाटोप | गुरुवार, रात्री ११:१८

०.१९!!! मास्तर पाय कुठे आहेत तुमचे. रुपयाच्या '१' वरचा ओरखडासुद्धा दिसतोय. पोराने गाइडना फोटो पाठवला, तिकडून नुसता अंगठा आला.

मग गंमत म्हणून पंखा बंद ठेवून लेन्स एफ १६ वरून एफ ४ वर आणली. सेन्सरवर दाण्याचा आकार १५ मायक्रॉनवरून चार मायक्रॉनच्या खाली आला, म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. वर पिक्सेल चारचार एकत्र केले तर बऱ्यापैकी साफ. एक रुपया खर्च न करता! फक्त नाण्याची कड आणि मधला भाग दोन्ही एकदम फोकसमध्ये राहत नाहीत.

आता खरी अडचण, होलोग्रामच्या वेळी पंखा फिरवला तर पट्टेच पुसले जातात.

---

गोदाकाठी | शुक्रवार, दुपारी १:३०

मग फिरवू नका, टप्प्याटप्प्याने सरकवा. काच थांबलेली असताना एक होलोग्राम, मग हाताने थोडी फिरवा, दुसरा. असे २५. संदर्भाचा झोत काचेतून नेऊ नका, तो वेगळा. आणि सरासरी काढताना भाच्यावर लक्ष ठेवा: प्रत्येक होलोग्राममधून चित्र उभं करायचं, त्याची तीव्रता काढायची, मग तीव्रतांची सरासरी. कॉम्प्लेक्स आकड्यांचीच (ज्यात तरंगाची उंची आणि कला दोन्ही असतात) सरासरी काढली तर हाती नवीन एक स्पेकल येतो, तेवढाच खडबडीत. आमच्याकडे नवीन येणारं प्रत्येक पोरगं पहिल्या महिन्यात हे करतं.

---

बागाईतदार_निफाड | शुक्रवार, रात्री ८:४५

सगळं वाचलं, निम्मं कळलं. खटाटोपराव, आपल्याकडे माल निघतोय सध्या, थॉमसन जातीची द्राक्षं. नाण्याच्या जागी द्राक्षाचा मणी ठेवला तर काय दिसेल? ताईंनी मांडवाचं नाव काढलं म्हणून विचारलं.

---

सातपूरचा_खटाटोप | रविवार, दुपारी १२:०७

आधी होलोग्राम: भाच्याने २५ वेळा काच सरकवली, बोटं काळी, पहिल्या फेरीत ताई म्हणाल्या तीच चूक केली (मी मुद्दाम बोललो नाही), दुसऱ्या फेरीत ०.२४. हिशोबाने ०.२ हवा होता, दोनतीन वेळा काच पुरेशी सरकली नसेल.

आता निफाडकर भाऊ, तुमचं ऐकून मणी ठेवला. पंखा बंद, काच काढून टाकलेली, नुसता लेझर, पहिल्या दिवसाचीच मांडणी. एका फ्रेमचा कॉन्ट्रास्ट ०.६ च्या आसपास, मास्तर, नाण्यापेक्षा कमी का हो? आणि स्क्रीनवर बघतो तर दाणे उकळतायत. भाताला आधण येतं तसं, एका जागी लुकलुकतात, विझतात, शेजारी दुसरा पेटतो. हात लावला नाही कुणी. मग पहिल्या दिवशी केलं तेच केलं, १०० फ्रेम, सरासरी. नाण्यावर ज्याने केसाइतकाही फरक पडला नव्हता त्यानेच मण्यावर आपोआप गुळगुळीत चित्र, देठाजवळची पांढरी लव दिसायला लागली. शेजारी बेदाणा ठेवला तर तो जवळपास नाण्यासारखाच गप्प.

---

निवांत_नेत्र | रविवार, दुपारी १२:२५

बघा, नकली डोळा आणि खरा डोळा!

---

जुना_मास्तर | रविवार, दुपारी १:५०

कमी यासाठी की मण्यात उजेड आत शिरतो, इकडे तिकडे आपटून बाहेर येताना त्याचं ध्रुवण (तरंग कोणत्या दिशेत थरथरतो ते) विस्कटतं. म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले दोन स्पेकल एकावर एक, एक भागिले वर्गमूळ दोन, ०.७ ला तिथेच आलात. बाकीचं थोडं मणी एक्स्पोजरच्या वेळातच हलल्यामुळे. नाण्याचा धातू ध्रुवण बहुतेक जपतो म्हणून तिथे ही फुकटची सूट मिळाली नाही. आणि उकळणं म्हणजे पेशींच्या आतली हालचाल, याला बायोस्पेकल म्हणतात, फळं पिकताना आणि जुनी होताना तिचा वेग बदलतो, त्यावरून ताजेपणा मोजायचे प्रयोग बरेच झालेत. तिथे स्पेकल घालवत नाहीत, तोच मोजतात.

---

बागाईतदार_निफाड | रविवार, दुपारी २:१०

म्हणजे कोल्ड स्टोरेजमध्ये महिनाभर ठेवलेला मणी आणि आज तोडलेला मणी यात फरक दिसेल? दोन्ही आहेत माझ्याकडे. गुरुवारी मार्केटला येतोय, सातपूरला कुठे यायचं ते व्यनि करा. पंखा बंदच ठेवा म्हणे.

---

मिसळ_तर्री | रविवार, दुपारी २:१४

मोजून झालेले मणी मी खाईन.